हत्तीला हात न लावता परत येणे: उत्तर थायलंडमधले तीन अनुभव आणि काही प्रश्न

पाऊलखुणा:

नमस्कार. डिसेंबरात आम्ही पाच जण, म्हणजे सिंगापूरहून मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, चियांग माईला आठवडाभर राहून आलो. मुलीला हत्ती बघायचे होते आणि मला जुनी चूक पुन्हा करायची नव्हती. त्या आठवड्यात जे पाहिले ते येथे लिहून ठेवते, कारण सहलीच्या धाग्यांवर 'हत्तींचे अभयारण्य नक्की करा' असे एका ओळीत लिहून लोक पुढे जातात आणि नेमके कोणते, कशावरून, हे कोणी सांगत नाही.

आधी जुनी चूक सांगते. २०१६ साली लग्नानंतरच्या सहलीत आम्ही याच देशात हत्तीवर बसलो होतो. पाठीवर लोखंडी खुर्ची आवळलेली होती, तिचा दोर शेपटीखालून घेतलेला होता, आणि अर्ध्या तासाच्या त्या फेरीत माझ्या डोळ्यांसमोर सतत माहुताचा अंकुश आणि हत्तिणीच्या कानामागची ओली जखम होती. तेव्हा काही बोललो नाही. पैसे भरले होते, फोटो काढले, घरी आल्यावर ते कोणाला दाखवले नाहीत.

या वेळी सावध होतो, तरी पहिल्याच दिवशी फसलो. हॉटेलच्या काउंटरवरून अर्ध्या दिवसाची जागा ठरवली. माहितीपत्रकावर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'सँक्चुअरी' आणि त्याखाली 'सवारी नाही, साखळी नाही' असे लिहिलेले होते. सवारी खरोखरच नव्हती. तिच्याऐवजी केळी भरवणे, चिखल चोळणे आणि नदीत आंघोळ घालणे असा कार्यक्रम होता. आमच्या गटाला सगळ्यांना एकसारखे हातमागाचे सदरे घालायला दिले गेले आणि दोन हत्तिणींना नदीत उतरवण्यात आले. आम्ही अंग पुसत होतो तोवर पुढचा गट आला, त्याच दोन हत्तिणी पुन्हा नदीत उतरल्या, आणि आम्ही जेवत असताना तिसऱ्यांदा. सासरे आयुष्यभर बैलांच्या संगतीत राहिलेले. ते नदीत उतरलेच नाहीत, काठावर बसून माहुताच्या हाताकडे बघत राहिले. परतताना गाडीत म्हणाले, "त्याच्या मुठीत आर होती. आपल्या पराणीला असते तशी. हत्तीण थांबली की तो नुसता हात लावायचा आणि ती चालायला लागायची." मी स्वतः ती आर, म्हणजे टोचायचे लोखंडी टोक, पाहिलेली नाही. पण माहुताचा हात कानामागे गेला की ती दचकते, एवढे मला २०१६ पासून ओळखता येते.

दोन दिवसांनी आम्ही एलिफंट नेचर पार्कला गेलो. हे ठिकाण शहराच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर, मे ताएंग नदीच्या खोऱ्यात आहे. लेक चैलर्ट या बाईंनी ते उभे केले, आणि ओंडके ओढून, सवारी करून, सर्कशीत खेळ करून थकलेले शंभराहून अधिक हत्ती तेथे राहतात. त्यांच्याबरोबर शेकडो कुत्री, मांजरे आणि म्हशीही आहेत. हा सगळा पसारा पाहून सासूबाई म्हणाल्या, "हा तर हत्तींचा पांजरपोळ आहे." मला तेव्हापासून 'अभयारण्य' हा शब्द वापरवत नाही. आपल्याकडे अभयारण्य म्हणजे कायद्याने घोषित केलेले जंगल. हे खाजगी आश्रयस्थान आहे, आणि पांजरपोळ हाच त्याला सगळ्यात जवळचा मराठी शब्द आहे.

तेथे आम्ही दिवसभर काय केले, तर बहुतांश वेळ उभे राहून पाहिले. एका म्हाताऱ्या हत्तिणीचे जेवण मी सुमारे वीस मिनिटे पाहत होते. तिच्या दाढा झिजून गेल्या होत्या, म्हणून माहूत तिला शिजवलेला चिकट भात, केळी आणि चिंच एकत्र मळून केलेले गोळे देत होता. तिने एक गोळा सोंडेत घेतला, तो हातून निसटावा तसा खाली पडला, तिने तो सोंडेच्या टोकाने मातीतून वेगळा केला, फुंकर घालावी तसा झटकला आणि मग तोंडात सारला. माहुताने दुसरा गोळा लगेच पुढे केला नाही, तिचे चघळणे संपेपर्यंत तो ताटकळत थांबला. पहिल्या ठिकाणी केळ्यांची टोपली दहा मिनिटांत रिकामी झाली होती, हे मला तेव्हा आठवले.

दुपारी तीन हत्तिणी आपणहून नदीत उतरल्या, पाण्यात लोळल्या आणि बाहेर येताच सोंडेने लाल माती उचलून पाठीवर उडवू लागल्या. दोन मिनिटांत त्या पुन्हा मळक्या झाल्या. ऊन आणि माश्यांपासून बचाव करायला त्यांना ती माती हवीच असते, असे वाटाड्याने सांगितले. आम्ही दोन दिवसांपूर्वी ब्रशने घासून घासून नेमके तेच काढून टाकत होतो.

जेवण पूर्ण शाकाहारी होते, त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न सुटला. खर्च माणशी अडीच हजार बाटच्या आसपास आला, शहरातून ने-आण धरून.

आता माझे प्रश्न. आरक्षण करण्यापूर्वी, घरबसल्या, खरे आणि खोटे ठिकाण कसे ओळखायचे? आणि पहिल्या ठिकाणच्या त्या दोन हत्तिणींचे काय? आम्ही सगळ्यांनी तिकडे जाणे बंद केले, तर त्यांना कोण पोसणार?


मुक्काम_पोस्ट_बँकॉक:

लेख मनापासून आवडला. मी येथे बारा वर्षे नोकरीनिमित्त राहतो. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये मोठे पूर आले, तोडलेल्या डोंगरांवरून चिखल आणि ओंडके गावांवर वाहून आले, आणि त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलांतील व्यापारी लाकूडतोड बंद केली. जंगलांसाठी हा निर्णय चांगला होता, पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका दिवसात बेकार झाले. काही हत्ती बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागू लागले, बाकीचे पर्यटनात आले. आज थायलंडमध्ये पाळीव हत्तींची संख्या साडेतीन हजारांच्या वर आहे आणि त्यांचा सगळा संसार तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यांवर चालतो. 'हत्ती पोसणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या घरात चारा लागतो, हे प्रत्यक्ष पोसणाऱ्यालाच ठाऊक.

कायद्याची बाजूही पाहा. जंगली हत्तीला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, परंतु पाळीव हत्ती १९३९ च्या ओझेवाहू जनावरांच्या कायद्यात बैल, म्हैस आणि घोडा यांच्या पंगतीत बसतो. तो मालकीची वस्तू आहे, विकता येतो, भाड्याने देता येतो. २०१४ साली प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धचा कायदा आला, पण फलकावर 'सँक्चुअरी' लिहिणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ विचारणारे कोणी नाही. सवारीवर टीका वाढली तसे अनेक जुन्या तळांनी खुर्च्या काढून ठेवल्या आणि ब्रश आणले. हत्ती तेच राहिले, माहूत तेच राहिले आणि फलक तेवढा बदलला.

लोकांनी जाणे बंद केले तर काय होते, ते २०२० साली दिसले. महासाथीत पर्यटन थांबले, भाडे आणि चारा परवडेना, तेव्हा चियांग माई परिसरातून शंभराहून अधिक हत्ती माहुतांसोबत डोंगर ओलांडत मे चेमकडच्या करेन जमातीच्या गावांकडे पायी परत गेले. शंभर-दीडशे किलोमीटरची ती चाल होती. गावात निदान हिरवा चारा होता. म्हणून माझे मत असे की जाणे थांबवू नये. चांगल्या जागी जावे आणि मधल्या जागांना विचारून जेरीस आणावे. आरक्षणापूर्वी एक ईमेल करा आणि त्यात चारच गोष्टी विचारा: हत्ती रात्री कुठे आणि कसे असतात, दिवसात किती गट येतात, हत्तीला यायचे नसेल तर काय करता, आणि पिल्ले कुठून आली. चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणांहून येत नाही.

अवांतर: ज्या देशाने ऐरावताला 'एरावान' आणि विघ्नेशाला 'फिकानेत' म्हणून आपलेसे केले, त्याच देशात हत्ती कायद्याने ओझ्याचे जनावर आहे. आपण हसू नये, आपल्याकडे गणपतीच्या दारात साखळदंड असतोच.


वैरण:

मी पशुवैद्य आहे. हत्तींवर माझे विशेष प्रावीण्य नाही, परंतु गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पमध्ये एकेकाळी लाकूडकामासाठी आणलेल्या हत्तींचा वंश आहे. तेथे काही काळ जाणे-येणे असल्यामुळे त्यांच्या पायांशी वाकून बसण्याचा सराव झाला. पर्यटकाला पाहून काय कळू शकते एवढेच सांगतो.

प्रथम पाय पाहावेत. हत्ती दिवसभर सिमेंटवर उभा असेल तर नखे चिरतात, तळव्यात गळू होतात, आणि एवढ्या वजनाच्या जनावराचे पाय गेले की पुढचे सगळे कठीण होऊन बसते. पायावर साखळीमुळे पडलेला, केस नसलेला, गुळगुळीत पट्टा आहे का, तेही पाहावे. पट्टा जुना असू शकतो, ओली जखम जुनी नसते.

दुसरी गोष्ट डुलण्याची. आपल्या भाषेत हत्तीचे डुलणे म्हणजे ऐट. लहानपणापासून आपण 'डुलत डुलत हत्ती आला' असेच ऐकलेले असते. एका जागी उभा राहून, पुढचे काही न पाहता, घड्याळाच्या लंबकासारखा डावीउजवीकडे झुलत राहणारा हत्ती मात्र ऐटीत नसतो आणि नाचतही नसतो. बांधून ठेवल्याने, एकटेपणाने आणि करण्यासारखे काही नसल्याने लागलेली ती सवय आहे, आणि साखळी सुटल्यावरही ती कित्येक वर्षे जात नाही. त्यामुळे चांगल्या आश्रयस्थानातही असा एखादा हत्ती दिसू शकतो. सगळेच झुलत असतील तर मात्र तेथून निघावे.

उलट, डोळ्यांखालच्या ओल्या रेघेवरून कोणी हळहळू नये. अश्रू नाकाकडे वाहून नेणारी नळी हत्तीला नसते, त्यामुळे डोळ्यांतले पाणी गालावरून ओघळते. 'हत्ती रडत होता' असे मथळे देऊन जे व्हिडिओ फिरतात त्यांतले अनेक याच कोटीतले. सोंडेवर आणि कानांवर दिसणारे गुलाबी ठिपकेही भाजल्याचे नव्हेत, आशियाई हत्तीत वयानुसार ते येतातच.

दाढांविषयी लेखिकेने जे लिहिले ते अचूक आहे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. सहावा झिजला की जंगलातला हत्ती उपासमारीने मरतो, आणि आश्रयस्थानातला कोणी तरी मळून दिलेल्या गोळ्यांवर जगतो. एखाद्या ठिकाणी म्हातारे हत्ती किती आहेत हे मी म्हणूनच पाहतो. जाहिरातीत फक्त पिल्ले असतील तर त्यांचे प्रजनन पाहुण्यांसाठी चालले आहे असे समजावे. हत्तिणीचा गर्भकाळ बावीस महिन्यांच्या आसपास असतो, आणि माणसाळवण्यासाठी पिल्लाला आईपासून तोडून, बांधून, उपाशी ठेवून जे केले जाते त्याला तिकडे 'फाजान' म्हणतात. त्याचे वर्णन येथे करत नाही.


पंचगंगा:

मी कोल्हापूरचा आहे, त्यामुळे हा धागा वाचताना नांदणीची आठवण येणे अपरिहार्य होते. तिथल्या जैन मठातली हत्तीण माधुरी, म्हणजे महादेवी, २०२५ च्या जुलैअखेर न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी-पुनर्वसन केंद्रात नेली गेली, तेव्हा आमच्या भागातली माणसे हजारोंनी रस्त्यावर आली. त्यांत माझी आईही होती. माधुरीच्या पायांचे आजार, मिरवणुकीतला वापर, एकटेपणा हे मुद्दे न्यायालयात होते आणि ते खोटे होते असे मी म्हणत नाही. परंतु या चर्चेत 'हात लावू नका, दुरून पाहा' हा जो सूर आहे तो मला परका वाटतो. तीन पिढ्यांनी जिच्या सोंडेवर हात ठेवला तिच्याशी आमचे नाते स्पर्शाचेच होते. ते सगळे क्रौर्य होते काय?


पाऊलखुणा:

पंचगंगा, तुमच्या आईला नमस्कार सांगा. मला मठाच्या प्रकरणावर निवाडा द्यायचा नाही आणि तो अधिकारही नाही. मला दिसलेला फरक एवढाच की मे ताएंगच्या माहुतांचा त्यांच्या हत्तिणींशी भरपूर स्पर्श होता. ते तिचा पाय धुवत होते, कान चोळत होते, एक जण तर तिच्या सावलीत झोपला होता. मनाई होती ती आम्हाला, म्हणजे सकाळी गाडीने येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांना. नात्याला वर्षे लागतात, आणि मी अडीच हजार बाट देऊन दुपारपुरते ते विकत मागत होते. तीन पिढ्यांचा हात आणि माझा हात एकाच मापाने मोजता येईल असे मला वाटत नाही.


बाभूळबन:

थोडे विरुद्ध लिहितो. 'सवारी नाही, अंकुश नाही, स्पर्श नाही' ही त्रिसूत्री युरोपातल्या प्रवासी कंपन्यांच्या सोयीची आहे आणि तिचा भुर्दंड करेन व कुय माहुतांना पडतो. सुरिन प्रांतातल्या कुय लोकांचे हत्तींशी नाते पर्यटनाच्या कितीतरी आधीचे आहे. अंकुश म्हणजे छळाचे हत्यार हे समीकरणही अर्धवट आहे. चार टनांचा नर माजावर आला की त्याच्यापासून पाहुण्यांना वाचवायला माहुताकडे दुसरे काय असते? आणि अंकुश लपवला की त्याची जागा खिळा घेतो, हे लेखिकेच्या सासऱ्यांनीच पाहिले. उघड्या हातात दिसणारा, मर्यादेत वापरलेला अंकुश मला लपवलेल्या आरीपेक्षा प्रामाणिक वाटतो.

तसेच, नुसते फिरायला सोडले म्हणजे हत्ती सुखी होतो असे नाही. दहा एकरांत, व्यायामाशिवाय, पाहुण्यांच्या केळ्यांवर लठ्ठ झालेले हत्तीही मी पाहिले आहेत, आणि त्या ठिकाणालाही पर्यटकांच्या ऑनलाइन परीक्षणांत भरपूर चांदण्या मिळालेल्या होत्या.

आंघोळीबाबत मात्र मी लेखिकेशी पूर्ण सहमत आहे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिणेकडील याओ याई बेटावर हत्तिणीला आंघोळ घालताना एक तरुण स्पॅनिश विद्यार्थिनी दगावली. परक्या माणसांच्या गराड्यात दिवसातून अनेकदा पाण्यात उतरवलेल्या जनावराचा संयम कधी सुटेल हे माहूतही सांगू शकत नाही.


मुक्काम_पोस्ट_बँकॉक:

बाभूळबन, अंकुशाबाबत तुमचा मुद्दा मान्य. अनेक चांगल्या ठिकाणीही माहुताकडे तो अडचणीच्या वेळेसाठी असतो आणि ते तसे सांगतात. माझी हरकत मर्यादेच्या भाषेला आहे, कारण ती मर्यादा पाहुणा नसताना कोण पाहणार? वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन या संस्थेने २०१७ मध्ये आशियातल्या पर्यटन व्यवसायातील जवळपास ३००० हत्तींची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात दर चारांपैकी तीन हत्ती अत्यंत वाईट स्थितीत आढळले. त्या संस्थेचा कल सवारीविरोधी आहे हे धरूनही आकडा लहान नाही.

एक भर घालतो. चांगले ठिकाण संकटमुक्त असते असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मे ताएंगला पूर आला तेव्हा एलिफंट नेचर पार्क पाण्याखाली गेले. बहुतेक हत्तींना उंचावर नेता आले, दोन हत्तिणी मात्र वाहून गेल्या. त्यांतली एक आंधळी होती.


अबोली:

थायलंडपर्यंत जाणे जमत नसेल तर श्रीलंकेतले उडवलवे पाहावे, असे सुचवते. तेथे राष्ट्रीय उद्यानाला लागून १९९५ पासून अनाथ पिल्लांसाठी सरकारी संगोपनगृह चालते. जखमी किंवा आईपासून तुटलेली पिल्ले वाढवून पुन्हा जंगलात सोडायची, हा त्याचा उद्देश आहे, त्यामुळे माणसाची सवय लागू नये म्हणून पाहुण्यांना ठरलेल्या वेळी, ओट्यावरून, फक्त दूध पाजताना पाहता येते. आम्ही गेलो तेव्हा फाटक उघडताच पिल्ले धावत आली, नळीने दूध प्यायली, आणि हाकलल्यावर कुरकुरत परत गेली. जेमतेम अर्धा तास. माझ्या यजमानांनी "एवढ्यासाठी एवढा प्रवास?" असे विचारले होते. दुसऱ्या दिवशी उद्यानात जीपमधून जंगली कळप दिसला, तेव्हा ते काही बोलले नाहीत.


कोयनाकाठ:

धागा वाचनखुणांत साठवला आहे. आम्ही मार्चमध्ये चियांग माईला जाण्याचा विचार करतो आहोत, सोबत सहा वर्षांचा मुलगा आहे. दोन शंका: हवामान कसे असेल, आणि नुसते पाहत राहण्यात एवढे लहान मूल कंटाळणार नाही का?


मुक्काम_पोस्ट_बँकॉक:

मार्च टाळा. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिकडे शेते आणि जंगल जाळण्याचा काळ असतो, धुराने डोंगर दिसेनासे होतात आणि लहान मुलांना त्रास होतो. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.


पाऊलखुणा:

कोयनाकाठ, कंटाळेल, हे आधीच धरून चला. आमची मुलगी पहिल्या तासाभरातच "आता आपण काय करायचं?" असे विचारत होती, आणि आंघोळ इथे का नाही म्हणून रुसलीही होती. शेवटी सासऱ्यांनी तिला काम लावले: कोणता हत्ती किती वेळा माती उडवतो ते मोजायचे. दुपारी ती दोघे उन्हात टोप्या घालून बसली. तिची मोजणी एका हत्तिणीसाठी एकतीस भरली आणि आजोबांची चौतीस. तो वाद सिंगापूरला परत येईपर्यंत चालला, आणि फोनवर अजूनही निघतो.